बैलाच्या पोटावरचा अंगठा

कौसामाय,

सोमवारी अंगणवाडीचं कुलूप मी काढलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच. एरवी मी येईपर्यंत तुझं अंगण झाडून झालेलं असायचं, सतरंजी टाकलेली असायची, हंडा भरलेला असायचा. त्यामुळे किल्ली घातल्यावर ते कुलूप जरा वर उचलून धरावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. दारात लेकरं उभी आणि मी नुसती किल्ली फिरवतेय. शेवटी आयान म्हणाला, "मॅडम, आजी असं करती," आणि त्याने हवेतल्या हवेत मूठ उचलून एक हिसका दिला. मी तसंच केलं. कुलूप निघालं.

आत गेल्यावर आरोहीने विचारलं, "आजी कुठं हाय?"

"आजी गेली, बाळा."

"माहूरला?"

तिचंही बरोबर होतं. तू दर वर्षी माहूरला जायचीस आणि आलीस की प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर तांबुलाचा प्रसाद ठेवायचीस. मी काही बोलायच्या आत आयानने सांगून टाकलं, "न्हाई गं येडे. मेली ती. माझे अब्बा गेलते तिथं." चार वर्षांचं लेकरू. जे मला बोलता आलं नसतं, ते त्याने एका दमात सांगितलं. आरोहीने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग खिचडी?"

तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. मी स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन रडून घेतलं आणि मग तांदूळ निवडायला बसले.

तू शनिवारी संध्याकाळी गेलीस. शुक्रवारी दुपारी भांडी घासून, पालथी घालून, पदराला हात पुसत तू दारात थांबली होतीस. म्हणालीस, "पोरी, ते पुस्तक आलं का गं?" मी म्हणाले, "अजून नाही, माय." तू "हाव" म्हणून गेलीस.

पुस्तिकेचा नमुना आदल्याच दिवशी तालुक्याहून आला होता. तू विचारलंस तेव्हा तो माझ्या पिशवीत होता, डब्याच्या खाली. लहान लेकरांसाठी मातीचे, पानांचे, ठशांचे तीस सोपे उपक्रम. पहिल्या पानावर एकच नाव होतं, माझं. म्हणून मी तो काढला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक म्हणतात, बोलायचं राहून गेलं. माझं राहून गेलेलं नाही. मी बोलले, आणि खोटं बोलले. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

*

लग्न होऊन या गावात आले आणि वर्षाच्या आत अंगणवाडीची सेविका झाले. हातात बी.ए.ची पदवी होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाबा लोह्याच्या मोंढ्यात धान्याची पोती उचलायचे. माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांचा निळा अंगठा असायचा आणि बाकीच्या मुलींच्या प्रगतिपुस्तकांवर वळणदार सह्या. गुरुजींच्या टेबलावर मी माझं पुस्तक त्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवायचे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण पुढच्या सगळ्याची सुरुवात तिथे आहे.

पहिल्या दिवशी मी तुला "मावशी, तुम्ही" म्हणाले. तू म्हणालीस, "तुमी कोण? हितं मी एकलीच हाय." मग म्हणालीस, "हात दाखव बरं." मला वाटलं तू भविष्य बघतेस. तू माझे तळवे उलटेपालटे करून पाहिलेस आणि सोडून दिलेस. "शाळंतले हात हायत. शिकतील हळूहळू."

मला राग आला होता. शिकवायला मी आले होते. तू मदतनीस होतीस. तुझं काम झाडणं, खिचडी करणं, लेकरांची नाकं पुसणं. नियमात तसंच लिहिलेलं होतं आणि मी नियम वाचलेले होते.

थोड्याच दिवसांत लातूरला प्रशिक्षण झालं. येताना मी पिशवीभर सामान आणलं: चकाकणारे कागद, फोमचे तुकडे, छापील चित्रांचे गठ्ठे. सगळ्या लेकरांना पोपटाचं चित्र वाटलं आणि फळ्याला हिरवा पोपट चिकटवला. बघा आणि रंगवा. एका पोराने पोपट काळा कुळकुळीत केला. मी त्याला म्हणाले, "पोपट काळा असतो का रे?" त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. दारात तूर निवडत बसलेली तू मान वर न करता म्हणालीस, "असल की. त्येच्या घरी लाइट गेली असल."

पोरगं हसलं. मीही हसले, पण मला ते लागलं.

तुझी पद्धत मी हळूहळू पाहिली. तू लेकरांना काही शिकवतेस असं वाटायचंच नाही. भेंडी चिरताना देठाकडचा तुकडा बाजूला ठेवायचीस. हळद कालवलेली ताटली सरकवायचीस. एखादं लेकरू तो तुकडा बुडवायचं, कागदावर दाबायचं, आणि पिवळं फूल उमटलं की ओरडायचं. मग सगळ्यांना फूल हवं असायचं. माहूरहून आणलेली पळसाची फुलं भिजवून तू केशरी पाणी करायचीस. ज्वारीचं वाळलेलं ताट सोलून आतलं मऊ भेंड आणि बाहेरचं साल वेगळं करायचीस, आणि त्यातून लेकरं गाडी करायची, चष्मे करायची. एकदा सगळी अंगणवाडी ज्वारीचे चष्मे घालून खिचडी खात होती. मला काही बोलायची सोय नव्हती, कारण एक चष्मा त्यांनी माझ्याही डोळ्यांवर चढवला होता.

आणि ते तुझं हात मांडीखाली घेऊन बसणं. लेकरू काही करायला लागलं की तू तुझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचीस. मी एकदा विचारलं, थंडी वाजते का? तू म्हणालीस, "हाताला सवय वाईट हाय, पोरी. लेकराचं वाकडं दिसलं की आपसूक जातेत सरळ कराया. म्हून बसते त्यांच्यावर." मी तोवर लेकरांचे हात धरून त्यांच्याकडून सरळ रेघा काढून घेत होते. त्या दिवशी घरी गेल्यावर आठवत बसले, आजच्या कागदांवरची एक तरी रेघ लेकराची होती का? नव्हती. सगळ्या माझ्याच होत्या.

ही गोष्ट मला कुठल्याच प्रशिक्षणात कळली नाही. तुझ्याकडून कळली. याबद्दल तुझे आभार मानायलाही तू जाण्याची वेळ यावी लागली.

*

पहिल्या पोळ्याला मातीचे बैल माझ्या पद्धतीने झाले. शेतातली काळी माती आणली, मळली, लेकरांना गोळे दिले. सुरेख बैल झाले. दोन दिवसांनी पाहिलं तर एकाचाही पाय जागेवर नव्हता. सगळ्यांच्या पाठी फुटलेल्या. लेकरं रडायला लागली.

"काळ्या मातीला लई तहान असती," तू म्हणालीस. "वाळताना सोत्तालाच फाडून घेती ती. तिच्यात राख घाल, भुसकट घाल. मग धरती."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुठं इचारलीस? तू तर कागद वाचून राहिली व्हतीस."

दुसऱ्या वेळी तुझ्या मातीचे बैल झाले. एकही फुटला नाही. आणि तेव्हा तू प्रत्येक लेकराला त्याचा बैल उलटा धरायला लावलास आणि पोटावर अंगठा दाबायला लावलास. "हितं. घट. हां. आता ह्यो तुझा." वाळल्यावर वीस बैल एका रांगेत ठेवले तरी कुणाचं भांडण झालं नाही. लेकरू बैल उचलायचं, उलटा करायचं, खळग्यात आपला अंगठा ठेवून बघायचं. बसला की आपला. ज्यांना आपल्या नावातलं एक अक्षर ओळखू येत नव्हतं, ती लेकरं स्वतःची वस्तू बिनचूक ओळखायची.

तुझा हजेरीतला अंगठा मात्र मला खुपायचा. महिनाभर मी तुला सही शिकवली. दुपारी लेकरं गेली की पाटी घेऊन बसायचो. तू मन लावून शिकलीस. 'कौसाबाई' लिहायला लागलीस. मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. दोन महिने तू सही केलीस आणि एक दिवस पुन्हा शाईच्या डबीकडे हात केलास.

"आता कशाला अंगठा?" मी चिडले.

"सही करताना वाटतंय, दुसऱ्या कुण्या बाईची सही करून राहिले," तू म्हणालीस. "ह्यो माझा हाय. ह्यो दुसऱ्या कुणाचा न्हाई."

"लोक अडाणी समजतात, माय."

"अडाणी तर मी हायच की. लपवायचं काय त्यात?"

आपलं हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी अजूनही म्हणते, तू सही करायला हवी होतीस. पण त्या दिवशी मी तुझ्याशी भांडत नव्हते. मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलेल्या त्या प्रगतिपुस्तकाशी भांडत होते.

*

आता कंधारचं प्रदर्शन. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांनी आपापले उपक्रम मांडायचे होते. आपण बैल घेतले, भेंडीच्या ठशांचे कागद घेतले, ज्वारीच्या गाड्या घेतल्या. आदल्या दिवशी मी बैल पुसायला घेतले. पोटावरचे खळगे मला नीटनेटके दिसेनात. मोठ्या मॅडम, म्हणजे आपल्या सुपरवायझर, उचलून बघतील, त्यांना वाटेल ओबडधोबड काम आहे. मी खळग्यांत ओली माती भरली, ओलं फडकं घेतलं आणि एकेका बैलाच्या पोटावरून फिरवत सगळे अंगठे पुसून टाकले. वर गेरू लावला. बैल देखणे दिसायला लागले.

तू तेव्हा विहिरीवर गेली होतीस. आल्यावर तू एक बैल उचललास, उलटा केलास, परत ठेवलास. मग हंडा उचलून आत गेलीस.

कंधारला आपल्याला पहिला क्रमांक मिळाला. मला विचारलं, ही कल्पना कशी सुचली? मी माईकवर सांगितलं की लेकरांना परिसरातल्या वस्तूंतून शिकवावं असं मला पहिल्यापासून वाटत होतं. मला. पहिल्यापासून. तू मागे टेबलापाशी, गाड्यांवरची धूळ पदराने झटकत उभी होतीस.

परतीच्या एसटीत तू ते प्रमाणपत्र मागून घेतलंस. मांडीवर ठेवून त्याच्या सोनेरी कडेवरून बोट फिरवलंस. मग विचारलंस, "यात माझं कुठं हाय?"

भांडायच्या सुरात नाही. बैल उलटा करून बघावा, तसं.

मी म्हणाले, "आपल्या अंगणवाडीचं आहे ना, म्हणजे तुझंही आहेच."

"हाव का," तू म्हणालीस. आणि प्रमाणपत्र मला परत दिलंस.

दुसऱ्या दिवशी लेकरांना बैल परत दिले. प्रत्येकाने उचलला, उलटा केला. पोट गुळगुळीत. एकालाही आपला बैल सापडेना. आरोहीची थोरली बहीण तेव्हा आपल्याकडे होती. ती प्रत्येक बैलावर अंगठा ठेवून बघत होती आणि "ह्यो न्हाई, ह्यो न्हाई" म्हणत रडत होती. तू तिला जवळ घेतलंस. "कामून रडतीस? चल, नवा करू." त्या दुपारी तू पुन्हा माती मळलीस, वीस लेकरांसाठी. मला एका शब्दाने बोलली नाहीस.

तू बोलली असतीस तर बरं झालं असतं. मग मीही काहीतरी बोलले असते, भांडण झालं असतं, आणि त्या भांडणात खरं काय ते बाहेर आलं असतं. तुझ्या गप्प बसण्याचा मी फायदा घेतला. तुला याचं काही वाटलं नसेल, असं मी ठरवून टाकलं.

ठरवायला तूच मला आधार दिला होतास म्हणा. दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी करायचीस, पेंद्या करायचीस, त्यांच्या डोक्यावर फुलं खोचायचीस, आणि दिवाळी संपली की सगळ्यांच्या गोवऱ्या थापून मोकळी व्हायचीस. लेकरांचे कागद मी भिंतीला लावायचे, ॲपवर फोटो टाकायचे, फाईल करायचे. तू म्हणायचीस, "करायचं असतंय गं. ठेवायचं नसतंय." मी म्हणायचे, ठेवलं नाही तर कुणाला कळणार? तू म्हणायचीस, "ज्येनं केलं त्येला कळलं की." यावर आपण किती दुपारी वाद घातला. आणि कंधारनंतर मी तुझंच वाक्य माझ्या सोयीला वापरलं. जिला ठेवायचं नाही, तिला नाव तरी कशाला हवं?

*

पुस्तिका लिहायला मॅडमनी मला सांगितलं ते त्या बक्षिसामुळेच. मी लिहिलं आणि उन्हाळ्यात एका दुपारी तुला वाचून दाखवलं. तू भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होतीस. मला वाटलं झोपलीस. बैलाच्या पानावर आल्यावर डोळे न उघडता म्हणालीस, "राखंचं न्हाई लिहिलंस."

"लिहिते."

"भुसकट चाळून घ्यायचं तेबी लिही. लेकराच्या नखात जातंय."

"लिहिते."

"आन् हातावर बसायचं?"

"ते कसं लिहू, माय? मोठ्या मॅडम हसतील."

"हसंनात. लिही."

मी लिहिलं. एकविसाव्या पानावर आहे: 'मूल काम करत असताना मोठ्या माणसाने आपले हात मांडीखाली ठेवावेत.' सगळ्या पुस्तिकेत खरं वाक्य तेच आहे, आणि त्याच्यावरही नाव माझंच लागलं होतं.

त्या दुपारी तू शेवटी एवढंच म्हणालीस, "एवढं सगळं माझ्या डोक्यात व्हतं व्हय?" आणि लाजल्यासारखी हसलीस. तेव्हाच सांगायचं होतं मला की यावर तुझं नाव घालते. शब्द ओठांवर आले होते. मग वाटलं, आधी मॅडमना विचारू. मग वाटलं, नमुना येऊ दे. मग नमुना आला.

रविवारी तुझ्या घरी गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. तुझा बालाजी भिंतीशी उभा होता, केस काढलेला, एकदम लहान दिसत होता. मला बघून पुढे आला आणि म्हणाला, "मॅडम, ते मायचं पुस्तक आलं का?"

मी विचारलं, "मायचं?"

"हाव. सगळ्या गल्लीला सांगून राहिली व्हती ती. माझं पुस्तक निघून राहिलंय म्हणं. आमी हसायचो. म्हणायचो, तुला वाचता येत न्हाई आन् तुझं पुस्तक? तर म्हणायची, मॅडमनं लिहिलंय, पण माती माझी हाय."

मागून तुझी सून डोळे पुसत म्हणाली, "नमुना यायचा व्हता म्हणं. लई वाट बघून राहिल्या व्हत्या."

मी तिथून निघाले. इतकी वर्षं मी समजत होते, तुला नाव नकोय. तुला नाव हवं होतं, माय. तू फक्त मागितलं नव्हतंस. एकदाच मागितलंस, एसटीत, आणि मी तुला अंगणवाडीचं नाव दाखवलं.

*

सोमवारी आरोहीची खिचडी झाली. तळाला लागली होती, पण लेकरांनी खाल्ली. आयान म्हणाला, "आजीची पिवळी असती." मी हळद विसरले होते. लेकरं घरी गेल्यावर कुलूप लावलं आणि कंधारची बस धरली.

सुपरवायझर मॅडम निघायच्या बेतात होत्या. मी नमुना टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "यावर नाव चुकलंय."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "बरोबर तर आहे. तुमचंच आहे की."

"कौसाबाईंचं हवं. आमच्या मदतनीस होत्या. शनिवारी गेल्या."

"अरेरे." त्या खरंच हळहळल्या. "मग असं करा ना, शेवटी आभारात एक ओळ टाकू. छान दिसेल."

"आभार नाहीत, मॅडम. उपक्रम त्यांचे आहेत. मी फक्त लिहून घेतलं."

"तिसाच्या तीस?"

"चार माझे आहेत. फोमचे आणि चकाकणाऱ्या कागदाचे. तेवढे काढले तरी चालतील."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग मी प्रदर्शनाचंही सांगितलं. माईकवर काय बोलले होते ते, पुसलेल्या अंगठ्यांचं, सगळं. शेजारच्या टेबलावरचे बाबू लिहायचे थांबले होते. मॅडमनी नमुन्याची पानं उलटली.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा बरं वाटत होतं," मी म्हणाले. 

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी लाल पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा. आणि आधी कुणाचं?"

"त्यांचं."

त्यांनी लिहिलं. मी बघत होते. लाल अक्षरांत तुझं नाव वर आणि माझं त्याच्या खाली. माय, मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही. शुक्रवारी दारात उभी राहून तू विचारलंस, तेव्हा पिशवीतून तो नमुना काढून त्यावर तुझं नाव लिहिलं असतं, तरी पुरलं असतं. तू तुझ्या नावाचा 'क' ओळखला असतास. तेवढा तर मीच शिकवला होता.

*

आज तुझा दहावा झाला. बालाजीने सगळं रीतसर केलं. घाटावरून परस्पर अंगणवाडीत आले, कारण लेकरं यायची होती.

सतरंजी टाकण्यासाठी कोपऱ्यातली कोठी सरकवली तर मागे एक बैल सापडला. या पोळ्याचा. लेकरं बैल करत होती तेव्हा तू हात मांडीखाली घेऊन बसली होतीस, हे मला पक्कं आठवतं. मग हा तू कधी केलास? लेकरं गेल्यावर, भांडी घासायच्या आधी, उरलेल्या मातीचा केला असशील. शिंगं एकसारखी नाहीत. एक कान राहून गेलाय. कुठे तडा मात्र नाही.

मी तो उलटा केला. पोटावर खळगा होता. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. सगळीकडून जागा उरली.

आरोही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. "कुणाचा हाय?"

"तूच बघ," मी म्हणाले, आणि खाली बसून दोन्ही हात मांडीखाली घेतले.

तिने बैल घेतला, उलटा केला, आपला इवलासा अंगठा खळग्यात घातला. तो आत हरवूनच गेला. तिने आयानला हाक मारली. त्याचाही हरवला. मग दोघांनी खाली वाकून, नाकाला नाक लावून त्या खळग्यातल्या रेघा पाहिल्या.

"आजीचा हाय," आरोही म्हणाली. आणि तो तिने लेकरांच्या बैलांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला.